भिडेपोटी पंधरा लाख पौंड

ऑक्टोबर २००९. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या, म्हणजे एलएसईच्या कौन्सिलपुढे, म्हणजे कारभार पाहणाऱ्या मंडळापुढे, एक जुनाच विषय पुन्हा आला होता: लिबियातून येणारी पंधरा लाख पौंडांची देणगी घ्यायची की नाही? जूनमध्ये कौन्सिलने होकार दिला होता. जुलैमध्ये सह्याही होऊन गेल्या होत्या. तरी चर्चा पुन्हा निघाली, कारण एका माणसाने लेखी हरकत घेतली होती.

तो माणूस म्हणजे फ्रेड हॅलिडे. एलएसईत वर्षानुवर्षं आंतरराष्ट्रीय संबंध शिकवलेले, मध्यपूर्वेचे नावाजलेले अभ्यासक. ४ ऑक्टोबरच्या टिपणात त्यांनी तीन गोष्टी मांडल्या. देणगी देणारी संस्था कागदावर स्वयंसेवी असली, तरी ती लिबियाच्या सत्तेपासून वेगळी आहे असं मानणं ही केवळ कायद्याची सोय आहे. त्या देशात नागरिकांच्या हक्कांच्या बाबतीत नाव घेण्यासारखी सुधारणा झालेली नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: अशा राजवटींमधले ‘उदारमतवादी’ चेहरे बदल घडवण्यासाठी नसतातच, आतल्या कडव्या मंडळींशी जुळवून घेत बाहेरचा दबाव कमी करणं, हे त्यांचं काम. इराणमध्ये हे आपण पाहिलंच आहे, असं त्यांनी लिहिलं. लिबियाच्या लोकांशी बोलूच नका, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. बोलणं वेगळं आणि त्यांच्या पैशावर संशोधन चालवणं वेगळं, एवढंच ते सांगत होते.

यावर संचालक हॉवर्ड डेव्हिस यांच्या बाजूने जी कारणं पुढे आली, त्यातलं एक नीट वाचण्यासारखं आहे. सह्यांचा कार्यक्रम जाहीरपणे झालेला आहे. आता माघार घेतली तर लिबियाशी असलेल्या संबंधांवर परिणाम होईल आणि देणगीदार संस्थेच्या अध्यक्षांना व्यक्तिशः अवघडल्यासारखं होईल. कौन्सिलने बहुमताने देणगी कायम ठेवली.

आपल्याकडे म्हण आहे, भीड भिकेची बहीण. लाच, धमकी, गुप्त करार असलं काही त्या बैठकीत नव्हतं. ‘आता नाही कसं म्हणायचं?’ एवढंच होतं. परकी सत्ता विद्यापीठात शिरते ती पैशाच्या थैल्या घेऊन, असा आपला समज असतो. या प्रकरणाची कागदपत्रं वेगळं सांगतात. थैली सगळ्यात शेवटी आली. तोवर सात वर्षांची ओळख झालेली होती.

आधी ओळख, मग पैसा

मराठी वाचकाला एलएसई हे नाव परकं नाही. बाबासाहेबांनी १९२३ साली तिथूनच डीएस्सी केली. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी आधी परत पाठवला होता आणि त्यांनी तो सुधारून पुन्हा दिला होता. १८९५ मध्ये वेब दाम्पत्य आणि त्यांच्या फेबियन, म्हणजे सौम्य समाजवादी, मित्रांनी ही संस्था काढली, तीही एका मृत्युपत्रातून मिळालेल्या पैशावर. देणगी ही या संस्थेला पहिल्या दिवसापासून माहीत असलेली गोष्ट. त्यामुळे ‘भोळे प्राध्यापक फसले’ असं म्हणायची इथे सोय नाही.

२००२ मध्ये लिबियाचा हुकूमशहा मुअम्मर गद्दाफी याचा मुलगा सैफ अल-इस्लाम तिथे शिकायला आला. त्याच सुमारास ब्रिटिश परराष्ट्र खात्यातून ऑक्सफर्डकडेही त्याच्या प्रवेशाबद्दल विचारणा झाली होती. या मुलाच्या शिक्षणात सरकारला रस आहे, असा तिचा सूर होता. ऑक्सफर्डने नकार दिला. सामाजिक शास्त्रांचा पाया नसलेला विद्यार्थी तिथे टिकणार नाही, असं त्यांचं मत पडलं. एलएसईच्या तत्त्वज्ञान विभागाने त्याला एमएस्सीसाठी घेतलं. ते पूर्ण झाल्यावर तो पीएच.डी.ला लागला.

सरकारला रस का होता, ते समजायला १९८४ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये लंडनच्या सेंट जेम्स स्क्वेअरमध्ये लिबियाच्या वकिलातीतून गोळीबार झाला आणि यव्हॉन फ्लेचर ही पोलीस शिपाई मरण पावली. एलएसईच्या हॉटन स्ट्रीटवरून तो चौक चालत गाठता येतो. १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर विमान स्फोटात कोसळून २७० जण गेले, आणि ठपका लिबियावर आला. नव्या शतकात मात्र वारं फिरलं. २००३ मध्ये लिबियाने लॉकर्बीची नुकसानभरपाई मान्य केली, संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध उठले आणि डिसेंबरात गद्दाफीने महासंहारक शस्त्रांचा कार्यक्रम सोडल्याचं जाहीर केलं. मार्च २००४ मध्ये टोनी ब्लेअर त्याच्या तंबूत जाऊन भेटले. २००७ मध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा ब्रिटिश तेलकंपनी बीपीचा तेल-वायू शोधण्याचा मोठा करार झाला.

म्हणजे ब्रिटनला लिबिया हवा होता, आणि लिबियाला इज्जत. दोघांच्या मधे सोयीची जागा कुठली? जिथे बसून पंतप्रधानांना बोलता येत नाही ते प्राध्यापक बोलू शकतात, ती जागा.

या गोष्टीकडे फारसं कोणी पाहत नाही, म्हणून जरा थांबतो. विद्यापीठाचे परक्या सत्तेशी संबंध म्हटलं की आपण दोनच खुर्च्या मांडतो, एक विद्यापीठाची आणि एक परक्या सत्तेची. इथे तिसरी खुर्ची होती, स्वतःच्या सरकारची. हॉवर्ड डेव्हिस हे आधी बँक ऑफ इंग्लंडचे उपगव्हर्नर, मग वित्तीय सेवा नियामकाचे प्रमुख, आणि मग एलएसईचे संचालक. संचालक असतानाच ते ब्रिटिश सरकारचे आर्थिक दूत म्हणून लिबियाला गेले. पुढे लिबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीला त्यांनी सल्ला दिला. त्याचे ५०,००० डॉलर त्यांनी स्वतःकडे ठेवले नाहीत, संस्थेला दिले. वैयक्तिक प्रामाणिकपणात काही कमी नाही. पण हाच माणूस २००९ मध्ये कौन्सिलला सांगणार होता की ही देणगी घ्यायला हरकत नाही. सरकारचा दूत, लिबियाचा सल्लागार आणि विद्यापीठाचा राखणदार असे तीन सदरे एकाच अंगावर.

त्यांच्या आधीचे संचालक अँथनी गिडन्स यांचंही तसंच. समाजशास्त्रातलं मोठं नाव. ‘मॉनिटर ग्रुप’ नावाची एक अमेरिकी सल्लागार कंपनी होती. लिबियाकडून पैसे घेऊन ती नामवंत अभ्यासकांना त्रिपोलीला नेत असे आणि गद्दाफीशी त्यांच्या भेटी घडवत असे. गिडन्स जाऊन आले आणि २००७ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं की दोन-तीन दशकांत लिबिया उत्तर आफ्रिकेचा नॉर्वे झालेला पाहायला आवडेल. तो लेख कोणी पिस्तूल रोखून लिहून घेतला नव्हता. वाळवंटातल्या तंबूत एक हुकूमशहा तुमच्याच सिद्धांतांवर तासभर चर्चा करतो, याची नशा विद्वानांना चढते. पैशापेक्षा ती महाग पडते, असं माझं मत आहे.

एलएसई एंटरप्राइज ही संस्थेची व्यावसायिक शाखा. तिला लिबियाच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचं सुमारे बावीस लाख पौंडांचं कंत्राट मिळालं. रकमेने हे देणगीपेक्षा मोठं, पण चर्चा त्याची कमी झाली. त्यात एक हिशेब तरी होता: इतके तास शिकवलं, इतके पैसे घेतले.

उन्हाळा २००९

सैफची तोंडी परीक्षा २००७ मध्ये झाली. परीक्षक दोन: एलएसईचे मेघनाद देसाई आणि साउदॅम्प्टनचे अँथनी मॅग्र्यू. पहिल्या खेपेला प्रबंध मंजूर झाला नाही, दुरुस्त्या सांगितल्या गेल्या. त्या करून २००८ मध्ये पदवी मिळाली. विषय होता, जागतिक संस्थांच्या लोकशाहीकरणात नागरी समाजाची भूमिका. हे वाचून हसू आलं तर आवरायचं कारण नाही. त्या वेळी मात्र कोणी हसलं नाही.

प्रबंधाच्या काळात त्याला अनौपचारिक सल्ला देणाऱ्यांत डेव्हिड हेल्ड होते. लोकशाहीच्या सिद्धांतावरचे जगभर वाचले जाणारे अभ्यासक, आणि एलएसईच्या जागतिक प्रशासन केंद्राचे एक प्रमुख. देणगी याच केंद्रासाठी होती: पंधरा लाख पौंड, पाच हप्त्यांत, उत्तर आफ्रिकेवरच्या संशोधन कार्यक्रमासाठी. देणारी संस्था गद्दाफी आंतरराष्ट्रीय धर्मादाय व विकास प्रतिष्ठान. तिचा अध्यक्ष सैफ.

आता तारखा ओळीने लावून पाहा. जूनमध्ये कौन्सिलचा होकार. त्याच सुमारास हेल्ड त्याच प्रतिष्ठानच्या मंडळावर गेले. पुढे कौन्सिलच्या सल्ल्यावरून त्यांनी ते पद सोडलं. जुलैमध्ये पदवीदानासाठी सैफ लंडनला आला, आणि त्याच मुक्कामात देणगीच्या करारावर सह्या झाल्या. २० ऑगस्टला लॉकर्बी प्रकरणातला एकमेव दोषी अब्देलबासेत अल-मेग्राही याला स्कॉटलंडच्या सरकारने आजारपणाच्या कारणावरून सोडलं. त्याला घेऊन त्रिपोलीला जाणाऱ्या विमानात सैफ होता. विमानतळावरच्या जल्लोषाची चित्रं जगाने पाहिली.

मग ऑक्टोबर. हॅलिडेंचं टिपण. आणि ‘आता माघार कशी घ्यायची?’

वाकड्या वाटेने जायला कोणी सांगितलं नव्हतं. पण उलट फिरता येईल अशी एकही जागा कोणी राखली नव्हती. पदवीदान आणि करार वेगळे ठेवले असते, तरी चाललं असतं. विद्यार्थी म्हणून संपर्क संपल्यावर दोन-तीन वर्षं जाऊ दिली असती, तरी चाललं असतं. आपण लग्नात अहेर देतो-घेतो तसा हा प्रकार झाला. मांडवात हातात पाकीट ठेवलं की ते परत करणं म्हणजे भांडण काढणं.

पैसा नेमका कुठून येणार, हे तर आणखी सैल होतं. प्रतिष्ठानकडे तो खासगी कंपन्यांकडून येणार होता, आणि या कंपन्यांचे लिबियात धंदे होते. तिथल्या सत्ताधाऱ्याच्या मुलाच्या धर्मादाय संस्थेला एखादी कंपनी पैसे का देते, हा प्रश्न कुठल्याही कारकुनाला पडला असता. ती कंत्राटासाठीची लाच असू शकते का, हे कोणी तपासलं नाही. देणगीदाराची चौकशी करायचं काम ज्या केंद्राला पैसा हवा होता त्याच्याकडेच बरंचसं राहिलं. मांजराला शिंक्यावर बसवून दुधाचा हिशेब विचारण्यातला हा प्रकार.

टोपी

यानंतर सोळा-सतरा महिने सगळं सुरळीत चाललं. मे २०१० मध्ये सैफने एलएसईत राल्फ मिलिबँड यांच्या नावाचं व्याख्यान दिलं. मिलिबँड हे त्याच संस्थेत शिकवलेले मार्क्सवादी विचारवंत. भांडवली राज्यसंस्थेवर त्यांनी आयुष्य घालवलं. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर तेलाच्या राज्याचा वारस उभा राहिला आणि ओळख करून दिली हेल्ड यांनी.

डिसेंबर २०१० मध्ये मुअम्मर गद्दाफी स्वतः त्रिपोलीहून दृक्श्राव्य माध्यमातून एलएसईतल्या श्रोत्यांशी बोलला. त्याची ओळख ‘बंधू नेते’ या लिबियातल्याच अधिकृत बिरुदाने करून दिली गेली. त्याच्यासाठी एलएसईची टोपी भेट ठेवण्यात आली. हो, बेसबॉलची असते तसली टोपी. जगाने ज्याला चाळीस वर्षं हुकूमशहा म्हटलं त्याला आपल्या दुकानातली टोपी द्यावी, हे एखाद्या उत्साही संयोजकाला सुचलं असेल. पण ते करताना कोणाला खटकलं नाही, यावरून २००९ नंतर सवय किती मुरली होती ते कळतं. पन्नास कागद वाचून जे कळत नाही ते त्या टोपीवरून कळतं.

हॅलिडे तोवर नव्हते. एप्रिल २०१० मध्ये त्यांचं निधन झालं.

२० फेब्रुवारी २०११ च्या रात्री सैफ सरकारी टीव्हीवर आला. लिबियातल्या बेनगाझी शहरात त्याच्या बापाविरुद्ध उठाव पेटलेला होता. बोट नाचवत त्याने सांगितलं की रक्ताच्या नद्या वाहतील, आम्ही शेवटच्या माणसापर्यंत, शेवटच्या गोळीपर्यंत लढू. नागरी समाजावर प्रबंध लिहिलेल्या माणसाचं ते भाषण होतं. एलएसईने दुसऱ्याच दिवशी लिबियाशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. विद्यार्थ्यांनी इमारतीत ठाण मांडलं. हेल्ड यांचं निवेदन आलं, त्यात शेक्सपिअर आणि फ्रॉइड यांची आठवण होती: बाप आणि सुधारणा यांच्यामध्ये चिरडला गेलेला एक तरुण. हे वाचून मला राग येत नाही, कीव येते. आपल्या विद्यार्थ्याबद्दल शिक्षकाला असंच वाटणार. म्हणूनच तर विद्यार्थ्याची देणगी जोखायचं काम त्याच्या शिक्षकाकडे नसावं.

तोवर पंधरा लाखांपैकी तीन लाख पौंडच आले होते. उत्तर आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी तेवढी रक्कम वापरायचं संस्थेने ठरवलं. ३ मार्च २०११ रोजी डेव्हिस यांनी राजीनामा दिला. देणगी घेण्याचा सल्ला चुकला आणि दूत म्हणून जायला नको होतं, हे त्यांनी स्वतः मान्य केलं. ब्रिटिश विद्यापीठांत एवढ्या स्वच्छपणे चूक कबूल करून पायउतार झालेले कुलप्रमुख फार सापडणार नाहीत.

वुल्फ यांचा अहवाल

संस्थेने माजी सरन्यायाधीश लॉर्ड वुल्फ यांच्याकडे चौकशी सोपवली. ३० नोव्हेंबर २०११ रोजी अहवाल जाहीर झाला. अकराच दिवस आधी सैफ लिबियाच्या वाळवंटात पकडला गेला होता. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं वॉरंट जूनमध्येच निघालं होतं.

वुल्फ यांनी कोणाला खलनायक ठरवलं नाही. त्यांना दिसली ती चुकांची मालिका: संवाद अपुरा, चौकशी अपुरी, कौन्सिलपुढे ठेवलेली माहिती अपुरी, आणि लिबियाशी एकेक धागा जुळत असताना सगळे धागे एकत्र पाहणारं कोणीही नाही. प्रवेश एका विभागाने दिला, कंत्राट दुसऱ्याने घेतलं, सल्ला संचालकांनी दिला, देणगी केंद्राने आणली. प्रत्येकाच्या टेबलावर एकच कागद होता. त्यांनी पंधरा शिफारशी केल्या, त्यांत संपूर्ण संस्थेसाठी नीतिसंहिता आणि मोठ्या देणग्यांची स्वतंत्र छाननी होती. संस्थेने सगळ्या मान्य केल्या.

प्रबंधाचा प्रश्न वेगळा ठेवला गेला, आणि ते योग्य झालं. बाहेरची मदत, उचलेगिरी, असे आरोप होते. मॉनिटर ग्रुपच्या मंडळींनी प्रबंधासाठीच्या माहितीत मदत केल्याचंही पुढे आलं होतं. पदवी लंडन विद्यापीठाची असल्याने त्याने स्वतंत्र समिती नेमली. संदर्भ अधिक नीट द्यायला हवे होते, पण पदवी काढून घेण्याइतकं काही नाही, असा तिचा निष्कर्ष आला. तेव्हा पुष्कळांना तो पचला नाही. मला वाटतं, बापाच्या पापाची आणि मुलाच्या भाषणाची शिक्षा प्रबंधाला दिली असती, तर पदवीही राजकारणानेच ठरते हे विद्यापीठाने स्वतःच्या हाताने सिद्ध केलं असतं.

या प्रकरणानंतर लोक सहज म्हणतात, परदेशी पैसा जाहीर करायला लावा, म्हणजे झालं. अमेरिकेत १९८६ पासून तसा कायदा आहे. वर्षाला अडीच लाख डॉलर किंवा त्याहून मोठी परदेशी देणगी आणि करार केंद्र सरकारला कळवावे लागतात. कायदा चांगलाच आहे. पण एलएसईच्या बाबतीत त्याने काय साधलं असतं? देणगी जाहीर होती. सह्या जाहीर होत्या. व्याख्यानांच्या जाहिराती होत्या. टोपीसुद्धा श्रोत्यांदेखत होती. लपवलेलं एकच होतं, कंपन्यांचा पैसा प्रतिष्ठानकडे का येतोय ते, आणि ते देणगीदाराच्या बाजूला लपलेलं होतं. बाकी सगळं उघड्यावर, दिवसाढवळ्या, एकेका पायरीने.

वुल्फ यांच्यानंतर नीतिसंहिता आली, देणग्यांची छाननी कडक झाली. देणगीचं पत्र आलं की चाकं फिरू लागतात, आणि ती फिरायलाच हवीत. पण २००२ चा तो प्रवेशअर्ज उद्या पुन्हा आला, तर तो देणगी समितीपुढे जाणार नाही. त्यावर रक्कम लिहिलेली नसेल. तो तत्त्वज्ञान विभागाच्या टेबलावर जाईल, इतर अर्जांच्या गठ्ठ्यात.